संग्रहालय शिक्षण उपक्रम आणि इतिहासाचा शिक्षक : यवतमाळ जिल्ह्याच्या बहुविध सांस्कृतिक इतिहासाच्या संदर्भात एक मूल्यमापन

प्रस्तावना

इतिहास हा केवळ राजे, लढाया आणि तह यांचा वृत्तांत नसून तो समाजातील सर्व घटकांच्या जीवनाचा आलेख असतो, ही भूमिका आता इतिहासलेखनात सर्वमान्य झालेली आहे. मात्र ही भूमिका विद्यापीठीय चर्चासत्रांतून प्राथमिक व माध्यमिक शाळेच्या वर्गापर्यंत अद्याप पुरेशी पोहोचलेली नाही. पाठ्यपुस्तक संपूर्ण राज्यासाठी एक असते, वर्गातील विद्यार्थी मात्र विशिष्ट गावातून, पोडातून वा तांड्यातून आलेला असतो. या दोहोंमधील अंतर भरून काढण्याचे काम अंतिमतः शिक्षकालाच करावे लागते. त्यासाठी त्याला लागणारी साधने पुरविणारी संस्था म्हणून जगभर संग्रहालयाकडे पाहिले जाते. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ मध्ये प्राग येथे संग्रहालयाची जी नवी व्याख्या स्वीकारली, तीत शिक्षणाबरोबरच विविधता आणि समाजगटांचा सहभाग यांनाही स्थान दिले आहे.

यवतमाळ जिल्हा हा या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष महत्त्वाचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ इतकी असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे १८.५ टक्के आहे. गोंड, कोलाम, परधान, आंध या जमाती, पुसद-दिग्रस परिसरातील बंजारा समाज, पारधी समाज, १९५६ च्या धम्मदीक्षेशी नाते सांगणारा बौद्ध समाज, आर्णीच्या बाबा कंबलपोश यांच्या दर्ग्याशी जोडलेली सर्वधर्मीय परंपरा आणि कापसावर जगणारा कुणबी शेतकरी असे अनेक इतिहास या एका जिल्ह्यात शेजारीशेजारी नांदतात. हे इतिहास शिकविण्यासाठी शिक्षकाला साहाय्य करणारे संग्रहालयीन उपक्रम कितपत उपयुक्त ठरतात आणि त्यांचे मूल्यमापन कोणत्या कसोट्यांवर व्हावे, याची चर्चा प्रस्तुत निबंधात केली आहे.

उद्दिष्टे

१) मध्य प्रांत व वऱ्हाडातील संग्रहालय परंपरेचा शैक्षणिक दृष्टीने आढावा घेणे.
२) शिक्षकांसाठी असलेल्या संग्रहालयीन व सांस्कृतिक प्रशिक्षण उपक्रमांचे स्वरूप समजून घेणे.
३) अशा उपक्रमांच्या मूल्यमापनासाठी योग्य कसोट्या निश्चित करणे.
४) यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात या कसोट्यांची उपयोजना करून काही शिफारशी मांडणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. निबंधाचा भर संस्थांच्या कार्याचा इतिहास आणि प्रकाशित साधने यांवर असून आकडेवारीपेक्षा मूल्यमापनाच्या तत्त्वांच्या चिकित्सेला येथे अधिक महत्त्व दिले आहे.

१. संग्रहालयाचा वारसा : वर्गीकरणाकडून शिक्षणाकडे

विदर्भातील संग्रहालय परंपरेचा प्रारंभ नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयापासून होतो. १८६३ मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय सामान्य जनतेत ‘अजब बंगला’ या नावाने ओळखले जाते. हे नावच बोलके आहे. लोकांच्या दृष्टीने ते नवल पाहण्याचे ठिकाण होते, तर शासनाच्या दृष्टीने ते नव्याने ताब्यात आलेल्या प्रदेशातील खनिजे, वनस्पती, प्राणी, शिल्पे आणि ‘जमाती’ यांची नोंद ठेवण्याचे साधन होते. याच काळात मिशनरी अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांनी मध्य प्रांतातील आदिवासींविषयी टिपणे जमविली. सप्टेंबर १८६३ मध्ये त्यांचा बुडून मृत्यू झाल्यानंतर चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ती १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. या टिपणांत परधान गायकाकडून लिहून घेतलेले लिंगोचे गीत समाविष्ट आहे. म्हणजेच गोंडांचा मौखिक इतिहास छापील रूपात प्रथम आला, तोच मुळी शासन व मिशन यांच्या ज्ञानव्यवहाराचा भाग म्हणून. पुढे रसेल व हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जमातींची ओळख वर्णनांच्या चौकटीत बंदिस्त झाली.

यवतमाळचा प्रशासकीय इतिहासही याच काळात घडला. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. १८६४ मध्ये वेगळा झालेला हा जिल्हा प्रारंभी आग्नेय वऱ्हाड व नंतर वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि १९०५ च्या पुनर्रचनेत पुसद तालुका जोडला जाऊन त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. पैनगंगेच्या पलीकडचा आदिलाबादचा मुलूख मात्र निजामाच्या राज्यातच राहिला. परिणामी एकाच गोंड व कोलाम समाजाचा इतिहास दोन राज्यांच्या दप्तरांत विभागला गेला. आज शिक्षकाने जिल्ह्याच्या सीमेतच साधने शोधली, तर त्याला अर्धाच इतिहास सापडतो, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे.

वसाहतकाळात संग्रहालयांचे शैक्षणिक कार्य अत्यंत मर्यादित होते. मार्कहॅम व हारग्रीव्ह्ज यांनी १९३६ मध्ये भारतातील संग्रहालयांविषयी सादर केलेल्या अहवालात या उणिवेकडे लक्ष वेधले होते. स्वातंत्र्योत्तर काळात स्थिती बदलू लागली. १९६२ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने संशोधनाबरोबर आदिवासी संग्रहालयही उभे केले. भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाने ‘करो और सीखो’ हा उपक्रम राबवून पारंपरिक कारागिरांनाच शिक्षकाच्या भूमिकेत आणले. गुजरातमधील तेजगढ येथील आदिवासी अकादमीने आपल्या संग्रहालयाला ‘वाचा’ असे नाव देऊन वस्तूंपेक्षा वाणीला प्राधान्य दिले. समाजाविषयी बोलणाऱ्या संग्रहालयाकडून समाजाला बोलू देणाऱ्या संग्रहालयाकडे झालेला हा प्रवास आहे. मूल्यमापनाचा विचार करताना हा बदल पायाभूत मानावा लागतो.

२. शिक्षकांसाठीचे उपक्रम : स्वरूप व व्याप्ती

महाराष्ट्रातील शिक्षकापर्यंत पोहोचणारे उपक्रम स्थूलमानाने तीन प्रकारचे आहेत.

पहिला प्रकार प्रशिक्षणाचा होय. नवी दिल्ली येथे १९७९ मध्ये स्थापन झालेले सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र देशभरातील सेवेतील शिक्षकांसाठी शिबिरे घेते. त्यांत व्याख्याने, हस्तकलांचे प्रात्यक्षिक, स्मारके व संग्रहालये यांना भेटी यांचा समावेश असतो आणि शाळांना चित्रे व ध्वनिमुद्रणे असलेला सांस्कृतिक संच दिला जातो. या उपक्रमाने अनेक शिक्षकांना संग्रहालयाकडे पाहण्याची नवी दृष्टी दिली, हे मान्य केले पाहिजे. मात्र अखिल भारतीय स्वरूपामुळे त्याचा भर शास्त्रीय कला व प्रसिद्ध स्मारके यांवर राहणे स्वाभाविक आहे. कोलाम पोडातील चावडीला त्यात स्थान मिळणे अवघड असते.

दुसरा प्रकार फिरत्या संग्रहालयाचा होय. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस सुरू केली. संग्रहालयापर्यंत येऊ न शकणाऱ्या शाळांपर्यंत संग्रहालयाने जावे, ही यामागील कल्पना आहे. याच संस्थेने २०१९ मध्ये स्वतंत्र बालसंग्रहालयही उभारले. यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने फिरत्या संग्रहालयाची कल्पना विशेष मोलाची ठरते. जिल्ह्याच्या मुख्यालयापासून नागपूर सुमारे १५० किलोमीटर दूर आहे आणि उमरखेड, महागाव यांसारख्या तालुक्यांतील शाळांना तर एका दिवसात जाऊन येणे जवळपास अशक्यच होते. पुणे व मुंबई त्याहून कितीतरी दूर आहेत.

तिसरा प्रकार विशिष्ट समाजाच्या इतिहासाला वाहिलेल्या संग्रहालयांचा होय. नागपूरनजीक चिचोली येथील शांतिवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या वापरातील वस्तू जतन केल्या आहेत. वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. तेलंगणातील जोडेघाट येथे कोमराम भीम यांचे स्मारक व संग्रहालय आहे. ही तीनही ठिकाणे यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेबाहेर असली तरी त्यांत मांडलेला इतिहास जिल्ह्यातील हजारो कुटुंबांचा आहे. अशा संग्रहालयांत समाजाचा स्वाभिमान प्रकट होतो. तथापि, एका समाजाचे संग्रहालय पाहताना इतर समाजांशी असलेले त्याचे संबंध नजरेआड होण्याचा धोकाही संभवतो.

३. मूल्यमापनाच्या कसोट्या

या उपक्रमांचे मूल्यमापन सामान्यतः उपस्थितीची संख्या आणि समारोपाच्या दिवशी भरून घेतलेला अभिप्राय यांवर थांबते. प्रशिक्षण ‘उत्तम झाले’ असा अभिप्राय शिक्षकाने दिला म्हणजे विद्यार्थ्याच्या इतिहासबोधात फरक पडला, असे मानता येत नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ थॉमस गस्की यांनी २००० मध्ये शिक्षकांच्या व्यावसायिक विकासाच्या मूल्यमापनासाठी पाच पातळ्या सुचविल्या : सहभागींची प्रतिक्रिया, सहभागींचे शिकणे, संस्थेचे पाठबळ, शिकलेल्याचा प्रत्यक्ष वापर आणि विद्यार्थ्यांवरील परिणाम. ब्रिटनमध्ये आयलीन हूपर-ग्रीनहिल यांच्या अभ्यासातून संग्रहालयातील शिक्षणाचे ज्ञान, कौशल्य, वृत्ती व मूल्ये, आनंद व सर्जनशीलता आणि कृती व वर्तन असे पाच परिणाम निश्चित केले गेले. या दोन्ही चौकटी उपयुक्त असल्या तरी त्या इतिहास या विषयासाठी स्वतंत्रपणे तयार केलेल्या नाहीत. विविध समाजांच्या इतिहासाच्या संदर्भात त्यांना पुढील तीन कसोट्यांची जोड देणे आवश्यक वाटते.

पहिली कसोटी काळाची. उपक्रमात समाज हा इतिहासाचा, म्हणजे बदलाचा विषय म्हणून येतो की कायम एकाच अवस्थेत असलेला म्हणून येतो? अनेक शाळांत ‘सांस्कृतिक विविधता’ म्हणजे एका दिवसाची वेशभूषा, एक नृत्य आणि काही खाद्यपदार्थ असे समीकरण रूढ झाले आहे. वेशभूषेचे प्रदर्शन मनोरंजक असते, परंतु त्यात सन नसतो, कारण नसते आणि परिणामही नसतो. ज्या समाजाला वर्गात केवळ नृत्यापुरते स्थान मिळते, त्याचा विद्यार्थी नकळत असा अर्थ घेतो की इतिहास इतरांचा असतो आणि आपल्याजवळ फक्त चालीरीती असतात.

दुसरी कसोटी आवाजाची. समाजातील व्यक्ती साधन पुरविणारी, अर्थ सांगणारी म्हणून सहभागी होते की केवळ पाहण्याचा विषय ठरते? वॉशिंग्टन येथील अमेरिकन इंडियन राष्ट्रीय संग्रहालयाने शिक्षकांसाठी २०१८ मध्ये जो उपक्रम सुरू केला, त्यातील अध्यापन साहित्य मूलनिवासी समाजांच्या सहकार्याने तयार झाले आहे. शिक्षकांच्या मनातील जुने समज आधी दूर करणे, हे त्याचे प्रथम कार्य मानले गेले.

तिसरी कसोटी पुराव्याची. समाजाची स्वतःविषयीची परंपरा आणि इतिहासाचा पुरावा यांतील नाते शिक्षकाला समजते काय? मौखिक परंपरा नाकारणे जसे चूक, तसेच तिची कोणतीही छाननी न करता ती तारखांसह सत्य म्हणून सांगणेही चूक होय. प्रबळ समाजाच्या बखरीला जी कसोटी लावायची, तीच परधानाच्या गीतालाही लावली पाहिजे. त्यातच त्या गीताचा खरा सन्मान आहे.

४. कसोट्यांची उपयोजना : यवतमाळमधील चार उदाहरणे

(अ) परधानाची किंगरी. संग्रहालयाच्या काचेआड किंगरी हे ‘तंतुवाद्य’ असते. ती कोणत्या लाकडाची आहे, तिला तारा किती आहेत, एवढी माहिती दर्शिकेवर मिळू शकते. परंतु परधान हे गोंडांच्या कुळांच्या कथा व देवांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या गाऊन जतन करणारे होते आणि किंगरी ही त्या गायनाची सोबतीण होती. या अर्थाने ती वाद्याइतकीच एका अभिलेखागाराची किल्ली आहे. शिक्षकाने वर्गात ‘हे काय आहे?’ या प्रश्नानंतर ‘हे कोण वाजवी, कोणासाठी वाजवी, त्याबदल्यात त्याला काय मिळे आणि ही प्रथा कशामुळे क्षीण झाली?’ असे प्रश्न विचारले, तर एका वस्तूतून यजमान-गायक संबंध, जमिनीची मालकी, गोंड सत्तेचा ऱ्हास आणि लेखनाचे आगमन अशी साखळी उलगडते. संग्रहालय भेटीनंतर शिक्षक पहिल्या प्रश्नावर थांबतो की शेवटच्या प्रश्नापर्यंत जातो, यावरून उपक्रमाचे यश ठरवावे.

(आ) जंगल सत्याग्रह. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदेभंग करण्यात आला आणि अणे यांना अटक झाली. वणी येथे १८८० मध्ये जन्मलेल्या अणे यांच्या कार्याला या जिल्ह्याच्या इतिहासात मानाचे स्थान आहे आणि ते योग्यच आहे. तथापि, समुद्रकिनारा नसलेल्या वऱ्हाडात मिठाऐवजी जंगल हाच सत्याग्रहाचा विषय का झाला, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर १८७८ व १९२७ च्या वनकायद्यांकडे नेते. राखीव जंगलांमुळे गुरांचा चारा, सरपण, बांबू, मोहफुले आणि फिरती शेती यांवर बंधने आली. त्याची झळ सर्वाधिक ज्यांना बसली, ते गोंड व कोलाम या सत्याग्रहाच्या कथनात पार्श्वभूमीलाही दिसत नाहीत. याच सुमारास पैनगंगेच्या पलीकडे निजामाच्या राज्यातही जंगल व जमिनीचा प्रश्न पेटत होता आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे कोमराम भीम मारले गेले. एका नदीच्या दोन तीरांवरील या दोन घटना एकत्र शिकविल्या, तर राष्ट्रीय चळवळ व आदिवासींचा लढा यांचे साम्य आणि अंतर दोन्ही स्पष्ट होतात. येथे अणे यांचे महत्त्व कमी करण्याचा हेतू नाही. चित्र पूर्ण करण्याचा आहे.

(इ) बैलांचा तांडा आणि शकुंतला. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंदमापी रेल्वे ‘शकुंतला’ या नावाने लोकांच्या स्मरणात आहे. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडातील कापूस बाहेर नेण्यासाठी ती उभारली. मँचेस्टर येथे १९२१ मध्ये बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत या मार्गावर धावले. कापूस आणि मँचेस्टर यांचे नाते एका यंत्रात इतके स्पष्ट दाखविणारी दुसरी वस्तू जिल्ह्याच्या इतिहासात सापडणे कठीण आहे. परंतु रेल्वे व पक्के रस्ते येण्यापूर्वी धान्य व मीठ यांची वाहतूक बैलांच्या पाठीवरून करणारे बंजारे होते. रेल्वेने शेतकऱ्याला बाजार जोडून दिला, त्याच वेळी तांड्याचा व्यवसाय हिरावून घेतला. व्यवसाय गेलेल्या भटक्या समाजांवर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील विस्तारांनी संशयाचा शिक्का मारला, जो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. याच समाजातून, पुसद तालुक्यातील गहुली येथून, पुढे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री झाले. इंजिन आणि बैलावरील गोणी या दोन वस्तू एका दालनात शेजारी ठेवल्या, तर शिक्षकाला आर्थिक इतिहास आणि सामाजिक इतिहास वेगवेगळे शिकवावे लागणार नाहीत.

(ई) पाचखेड. बाभूळगाव तालुक्यातील पाचखेड येथे नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास विभागाने २०२३-२४ मध्ये केलेल्या उत्खननात लोहयुगीन वसाहतीचे अवशेष मिळाले. त्यावरील थरांत सातवाहन व मध्ययुगीन काळाच्या खुणा आहेत. जिल्ह्यातील मानवी वस्तीचा इतिहास सुमारे तीन हजार वर्षांपर्यंत मागे जातो, हे विद्यार्थ्याला सिंधू संस्कृतीच्या चित्रांवरून नव्हे तर आपल्याच तालुक्यातील खापरांवरून समजू शकते. शिवाय कोणताही एक समाज या भूमीचा एकमेव वारसदार नाही, येथे थरावर थर चढत गेले आहेत, ही जाणीव उत्खननाच्या खड्ड्याइतकी स्पष्टपणे दुसरे कोणतेही साधन देऊ शकत नाही.

५. मार्लावाईचा धडा

शिक्षकाद्वारे स्थानिक संस्कृतीला शाळेत आणण्याचा एक प्रयोग यवतमाळच्या सीमेलगतच झाला होता. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी निजाम सरकारच्या साहाय्याने आदिलाबाद जिल्ह्यातील मार्लावाई येथे १९४३ मध्ये गोंड तरुणांसाठी शिक्षक प्रशिक्षण केंद्र सुरू केले. गोंडी भाषेतील वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार करण्यात आली. पुस्तकांपूर्वी शिक्षक घडविणे आणि तोही त्याच समाजातून घडविणे, हे या योजनेचे वैशिष्ट्य होते. पुढील काळात गोंडी माध्यम मागे पडले आणि राज्याच्या भाषेने त्याची जागा घेतली. प्रयोग मागे पडण्याचे कारण शिक्षकांची गुणवत्ता नव्हते. त्यांना पाठबळ देणारी व्यवस्था बदलली, हे होते.

गस्की यांच्या चौकटीत हे तिसऱ्या पातळीचे, संस्थेच्या पाठबळाचे अपयश होय. आजच्या उपक्रमांचाही कच्चा दुवा हाच आहे. शिबिराहून परतलेल्या शिक्षकासमोर तोच अभ्यासक्रम, तीच परीक्षा आणि तेच वेळापत्रक असते. मुख्याध्यापकाची परवानगी, प्रवासखर्च, पालकांची संमती आणि अध्यापनेतर कामांचा भार यांत शिकलेले मागे पडते. आश्रमशाळांत तर बदलून आलेल्या शिक्षकाला विद्यार्थ्यांची कोलामी वा गोंडी भाषा अवगत नसते. अशा स्थितीत केवळ शिक्षकाच्या उत्साहावर विसंबणारा उपक्रम टिकाऊ ठरू शकत नाही.

दुसरीकडे, अनुकूल बाबीही आहेत. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने शाळेतील ज्ञान बाहेरच्या जीवनाशी जोडण्यावर भर दिला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही स्थानिक संदर्भाला महत्त्व आहे. बालभारतीने इयत्ता तिसरीसाठी जिल्हानिहाय परिसर अभ्यासाची पुस्तके प्रसिद्ध केली होती. यावरून राज्याच्या चौकटीत जिल्ह्याला स्थान देणे शक्य आहे, हे सिद्ध होते. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आणि केंद्र पातळीवरील शिक्षण परिषदा यांचे जाळे अस्तित्वात आहे. पांढरकवडा व पुसद येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांची कार्यालये आहेत. अभाव आहे तो या सर्वांना संग्रहालयाशी जोडणाऱ्या दुव्याचा.

६. आक्षेप व त्यांचा विचार

या भूमिकेवर काही आक्षेप घेतले जाऊ शकतात. प्रत्येक समाजाचा इतिहास शिकवू लागल्यास समान राष्ट्रीय इतिहास मागे पडेल, असा पहिला आक्षेप आहे. वर दिलेल्या उदाहरणांवरून या शंकेचे निरसन होते. वनकायदा, रेल्वे, कापूस व कायदेभंग हे राष्ट्रीय इतिहासाचेच विषय आहेत. ते स्थानिक समाजांच्या अनुभवातून शिकविल्याने अधिक अर्थपूर्ण होतात. दुसरा आक्षेप असा की समाजांतर्गतही एकमत नसते. लिंगोच्या कथेचे अनेक पाठ आहेत आणि एकाच तांड्यातील दोन ज्येष्ठ एकच घटना वेगवेगळी सांगतात. हा आक्षेप खरा असला तरी तो अडथळा नसून संधी आहे. पाठभेद कसे हाताळावेत, हेच तर इतिहासाचे शिक्षण होय. तिसरा आक्षेप शिक्षकाच्या कार्यभाराचा असून तो सर्वाधिक गंभीर आहे. म्हणूनच नवे प्रकरण जोडण्यापेक्षा अभ्यासक्रमात असलेल्याच घटकाला एक स्थानिक वस्तू व एक स्थानिक साक्ष जोडणे, हा व्यवहार्य मार्ग ठरतो.

निष्कर्ष

१) विदर्भातील संग्रहालय परंपरेचा उगम वसाहतकालीन वर्गीकरणात असल्याने दर्शिकांमागील दृष्टीची चिकित्सा हा शिक्षक प्रशिक्षणाचाच भाग असला पाहिजे.
२) उपलब्ध उपक्रम शिक्षकाला प्रेरणा देण्यात यशस्वी ठरू शकतात, परंतु उपस्थिती व अभिप्राय यांवर आधारलेले मूल्यमापन वर्गातील बदलाविषयी काहीही सांगू शकत नाही.
३) काळ, आवाज आणि पुरावा या तीन कसोट्या लावल्यास विविधतेचे प्रदर्शन आणि विविधतेचा इतिहास यांतील फरक स्पष्ट होतो.
४) यवतमाळ जिल्ह्याच्या समाजांचा इतिहास प्रशासकीय सीमा ओलांडणारा असल्याने नागपूर, पोहरादेवी, चिचोली व जोडेघाट यांचा एकत्रित विचार आवश्यक आहे.
५) उपक्रमांचा सर्वांत दुबळा दुवा शिक्षक नसून प्रशिक्षणानंतर मिळणारे संस्थात्मक पाठबळ हा आहे.

शिफारशी

१) कोणत्याही संग्रहालयीन प्रशिक्षणानंतर सहा महिने व एक वर्षाने शिक्षकाच्या प्रत्यक्ष पाठाचे निरीक्षण करून विद्यार्थ्यांनी विचारलेल्या प्रश्नांची नोंद ठेवावी.
२) जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने महाविद्यालयांच्या इतिहास विभागांच्या सहकार्याने तालुकानिहाय वस्तुसंच तयार करावेत. मूळ वस्तू कुटुंबांकडेच राहाव्यात. छायाचित्रे, प्रतिकृती व ध्वनिमुद्रणे शाळांत फिरावीत.
३) परधान गायक, कोलाम पोडातील ज्येष्ठ, तांड्याचे नायक व कारभारी यांना साधनव्यक्ती म्हणून मानधनासह निमंत्रित करावे.
४) संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून गावोगावच्या मौखिक इतिहासाचे संकलन करावे आणि त्याची एक प्रत त्या गावाच्या शाळेला द्यावी.
५) फिरत्या संग्रहालयाच्या भेटीपूर्वी त्या त्या तालुक्यातील शिक्षकांना विषयनिवडीत सहभागी करून घ्यावे.

संग्रहालयाची भेट ही शाळेच्या वर्षातील एका दिवसाची घटना असते. वर्गातील अध्यापन वर्षभर चालते. त्या एका दिवसाने उरलेल्या दिवसांतील अध्यापन किती बदलले, यावरूनच उपक्रमाची खरी किंमत ठरेल. पोडातून आलेल्या मुलीला आपल्या आजीच्या आठवणी इतिहासाचे साधन आहेत असे ज्या दिवशी पाठ्यपुस्तकासमोर बसून वाटेल, आणि तिच्या शेजारच्या विद्यार्थ्यालाही ते तितकेच पटेल, त्या दिवशी या उपक्रमांचे उद्दिष्ट साध्य झाले असे म्हणता येईल.